जुन्या गाडीच्या इंजिन ब्लॉकचे कोअर प्लग बदलताना

रेडिएटर बाहेरून कोरडा आहे, होज पाईप नवे आहेत, वॉटर पंपाखाली ओल नाही, आणि तरीही दर आठवड्याला पाणी वर टाकावे लागते. जुनी ॲम्बेसिडर किंवा पद्मिनी सांभाळणाऱ्याने अशा वेळी ब्लॉकच्या कुशीकडे बॅटरी मारून पाहावी. नाण्याहून मोठ्या गोल चकत्या तिथे ठोकून बसवलेल्या दिसतील. एखादीच्या काठावरून तांबूस ओघळ उतरला असेल किंवा पांढरट-हिरवट खपली जमली असेल, तर गाडी तिथूनच पाणी खाते आहे. हे कोअर प्लग. गॅरेजमध्ये त्यांना डमी किंवा पाण्याचे डमी म्हणतात, दुकानात दोन्ही नावे चालतात.

ऑइल, फिल्टर, ब्रेक शू एवढी कामे ज्यांनी घरी केली आहेत, पण ब्लॉकवर अजून हातोडी उचललेली नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. डोळ्यांसमोर ॲम्बेसिडरचे १४८९ सीसीचे बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिन ठेवले आहे, कारण सातारा, वाई, कऱ्हाड भागात जपून ठेवलेल्या गाड्यांमध्ये ते अजून भेटते. पद्मिनीला आणि जुन्या जीपला पद्धत तीच, मापे आणि जागा वेगळ्या.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण तिच्यावर सगळे अवलंबून आहे. नवी चकती ठोकणे हा या कामातला सर्वांत छोटा भाग आहे. भोकाची कड आरशासारखी साफ करणे आणि भोकामागे साठलेला गाळ उपसणे, हे खरे काम. घाईत नवी चकती बसवून दिलेल्या गाड्या वर्षभरात पुन्हा त्याच जागी झिरपू लागतात आणि दोष मात्र चकतीला दिला जातो.

भोक तिथे असतेच कशाला

किर्लोस्करवाडी, साताऱ्यातले कूपर, पलीकडे शिरोलीच्या फाउंड्र्या. आपल्या भागात ओतकामावर पोट भरणारी घरे कमी नाहीत. त्यांच्यापैकी कुणालाही विचारा. इंजिनचा ब्लॉक बिडाचा ओततात तेव्हा सिलिंडरभोवती पाणी खेळायला पोकळी हवी असते. त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, आधी तयार करतात. तेल, राळ किंवा साखर कारखान्याची मळी घालून ती वाळू बांधलेली असते. गाभा साच्यात अधांतरी राहू शकत नाही, त्याला बाजूंनी टेकू लागतो. ओतीव थंड झाल्यावर वाळू झाडून बाहेर काढायलाही वाट लागते. टेकूच्या आणि वाळूच्या त्या वाटा म्हणजेच ही भोके. नंतर त्यांना मशिनवर गोल माप देऊन पत्र्याच्या चकतीने बंद करतात.

पाणी गोठले की प्लग बाहेर उडतो आणि ब्लॉक वाचतो, असे बऱ्याच ठिकाणी ऐकायला मिळेल. थंड मुलखात कधी कधी तसे घडतेही, पण भोके त्यासाठी ठेवलेली नाहीत. आपल्याकडे वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे दव गोठते, तेवढीच काय ती थंडी. आपल्या प्लगांचा शत्रू गंज आहे. तो आतून येतो, म्हणून बाहेरून रंगवलेली, धडधाकट दिसणारी चकती आतून कागदाइतकी पातळ झालेली असू शकते.

आधी खात्री करून घ्या

पाणी कमी होण्याची कारणे अनेक. सायलेन्सरमधून पांढरा गोडसर वासाचा धूर येत असेल, डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ झाले असेल किंवा चालू इंजिनवर रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील, तर संशय हेड गॅस्केटवर घ्या. ते वेगळे दुखणे.

कोअर प्लगची गळती बहुधा शांत असते. गरम ब्लॉकवर थेंब लगेच वाळतो, मागे फक्त डाग राहतो. म्हणून रात्रभर थंड झालेल्या गाडीवर पाहा. रेडिएटरच्या टोपीच्या जागी बसणारा हातपंपाचा प्रेशर टेस्टर कुणाकडून मिळाला तर काम सोपे होते: टोपीवर छापलेला दाब द्या, त्याहून जास्त अजिबात नको, आणि दहा-पंधरा मिनिटे काटा पडतो का पाहा. लहान आरसा आणि बॅटरी घेऊन प्रत्येक चकतीचा खालचा काठ तपासा. वर्तमानपत्राचा तुकडा काठावर दाबला तर बारीक ओलसुद्धा कळते. टोकदार वस्तूने चकती टोचून पाहण्याचा मोह मात्र आवरा. पातळ झालेली असेल तर आरपार जाईल आणि गाडी तिथेच उभी राहील.

मागच्या बाजूचे प्लग सर्वांत फसवे. ब्लॉकच्या मागच्या तोंडावरची चकती फ्लायव्हीलमागे लपलेली असते. ती गळली की पाणी बेल हाउसिंगच्या, म्हणजे फ्लायव्हील आणि क्लच झाकणाऱ्या आवरणाच्या, तळाच्या भोकातून ठिबकते. तिथेच कॅमशाफ्टच्या टोकाला झाकणारा आणखी एक प्लग असतो, त्यातून गळते ते ऑइल. जमिनीवर पडलेला थेंब बोटावर चोळून पाहा, काय गळते आहे ते लगेच कळेल.

एक गळला तर किती बदलायचे? सगळे. निदान गिअरबॉक्स न उतरवता हात पोहोचतो तेवढे सगळे. ते एकाच दिवशी बसले, तेच पाणी प्यायले, म्हणजे वयही एकच. एक बदलून बाकीचे ठेवले तर पुढच्या उन्हाळ्यात हाच पसारा पुन्हा मांडावा लागतो.

प्लगचे प्रकार आणि खरेदी

दोन प्रकार ओळखता आले की पुरे. पहिला वाटीसारखा: तळ सपाट, कडा उभ्या. तो भोकाच्या भिंतीला कडेने घट्ट धरतो. वाटीचे उघडे तोंड बाहेरच्या बाजूला येते. दुसरा बशीसारखा, मधे थोडा फुगलेला. त्याच्यासाठी भोकात एक पायरी कापलेली असते. बशी पायरीवर टेकते, फुगवटा बाहेर ठेवून मधोमध ठोका दिला की ती सपाट होते आणि काठ बाहेरच्या दिशेने ताणून भोकात रुततात. तुमच्या ब्लॉकला जो प्रकार होता तोच परत बसवा. पायरीच्या भोकात वाटी किंवा सरळ भोकात बशी, असा प्रयोग करू नका.

माप हा दुकानातला खरा घोळ. बीएमसीचे इंजिन इंचातले, पद्मिनीचे फियाटचे म्हणून मिलिमीटरचे. उदाहरण घ्या: १ ५/८ इंच म्हणजे ४१.३ मिमी. दुकानाच्या त्याच खणात ४१ मिमीची वाटीही असते. हातात दोन्ही सारख्याच वाटतात, पण ०.३ मिमीचा हा फरक म्हणजे घट्ट बसणे आणि गळणे यातला फरक आहे. म्हणून जुना प्लग काढून, भोक साफ करून, व्हर्नियरने भोकाचा व्यास दोन दिशांनी मोजा आणि मगच खरेदीला जा. वाटीचा बाहेरचा व्यास भोकापेक्षा एक-दोन दशांश मिलिमीटरने मोठा हवा. हाताने दाबून आत सरकणारी वाटी परत करा. उतरवलेली जुनी वाटी मोजून माप घेऊ नका, ती निघताना वाकलेली असते. सातारा-सांगलीत माप मिळाले नाही तर पुण्यात नाना पेठेत जुन्या गाड्यांचे सुटे भाग शोधायला जावे लागते. जाताना जुना नमुना आणि भोकाचे माप दोन्ही सोबत ठेवा.

धातूबद्दल माझे मत स्पष्ट आहे: पितळेचे मिळत असतील तर पितळेचेच घ्या. लोखंडी प्लग स्वस्त, कडक आणि ठोकायला सोपे, पण ते गंजतात. पितळ गंजत नाही, फक्त मऊ असल्याने ठोकताना हात सांभाळावा लागतो. मागच्या बाजूचा प्लग तर पितळेशिवाय बसवूच नये, कारण तिथे पुन्हा पोहोचायचे म्हणजे गिअरबॉक्स उतरवणे आले.

रबराचे, मधला नट आवळला की फुगणारे प्लगही मिळतात. रस्त्यात अडकलात तर घरी पोहोचायला ते उत्तम. एखादा डिकीत असू द्या. कायमचा इलाज म्हणून तो नको, उष्णतेने रबर कडक होते आणि सुटते.

हत्यारे

किलोभराची हातोडी, बोथट पंच (साधारण बारा मिलिमीटर जाडीचा), वॉटर पंप प्लायर, लांब स्क्रू ड्रायव्हर, ड्रिल, वायर ब्रश, १८० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, व्हर्नियर, लोहचुंबक, कडक तार, पाण्याचा पाईप, डोळ्यांना गॉगल. गाडीखाली जायचे असेल तर जॅकवर विश्वास ठेवू नका, स्टँड लावा.

आणखी एक वस्तू खास बनवून घ्या: ड्रिफ्ट. वाटीच्या आतल्या व्यासापेक्षा अर्धा मिलिमीटर लहान, हातभर लांबीचा माइल्ड स्टीलचा दांडा, तोंड सपाट आणि कडा किंचित गोल केलेल्या. सातारच्या एमआयडीसीत किंवा कुपवाडला कोणताही टर्नर नवी वाटी हातात दिली की मापाला काढून देईल. जुना सॉकेट आणि एक्स्टेंशन वापरूनही भागते, पण ड्रिफ्टने वाटी सरळ जाते. पहिल्यांदा काम करणाऱ्याला याची फार मदत होते.

पाणी काढणे आणि जागा मोकळी करणे

इंजिन पूर्ण थंड हवे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कारण स्टार्टरच्या आसपास पान्हे फिरणार आहेत. रेडिएटरची टोपी काढा आणि खालचा नळ उघडा. एवढ्यावर थांबू नका: ब्लॉकला स्वतःचा वेगळा ड्रेन असतो, तो उघडला नाही तर ब्लॉकमधले पाणी प्लग निघताच तुमच्या बाहीत येते. बहुतेक जुन्या ब्लॉकचा हा नळ गाळाने बुजलेला असतो, उघडूनही थेंब पडत नाही. कडक तार आत घालून खुपसा. तार आतून गाळ घेऊन आली, की ब्लॉकची आतली अवस्था काय आहे याचा अंदाज येतो.

निघालेले पाणी घमेल्यात धरा. त्यात कूलंट असेल तर ते गोडसर लागते, कुत्री-मांजरे चाटतात आणि मरतात. इथिलीन ग्लायकॉल हे विषच आहे. गोठ्याजवळ, विहिरीच्या काठावर किंवा उसाच्या पाटात ते ओतू नका.

बीएमसीच्या ब्लॉकवर मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटर एका बाजूला, स्पार्क प्लग, डिस्ट्रिब्यूटर, डायनॅमो आणि स्टार्टर दुसऱ्या बाजूला असतात. आड येईल ते काढा. हातोडीला झोका घ्यायला जागा नसेल तर सरळ रेषेत ठोका बसत नाही, म्हणून अर्धा तास जास्त लागला तरी जागा मोकळी करा. मॅनिफोल्ड काढावा लागणाऱ्या गाडीत नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. जुन्या मॅनिफोल्ड गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, तो कोरडा खरवडू नका. पाण्याने भिजवून काढा आणि धूळ उडू देऊ नका.

जुना प्लग काढणे

वाटीचा प्लग काढताना बोथट पंच वाटीच्या आत, खालच्या काठाला लागून ठेवा आणि एक ठाम ठोका द्या. खालची कड आत जाते, वरची बाहेर येते. दोन-तीन ठोक्यांत वाटी भोकात आडवी फिरते. मग बाहेर आलेली कड वॉटर पंप प्लायरने पकडा आणि ब्लॉकवर लाकडाची पट्टी ठेवून तिच्यावर रेटा देत ओढा. पट्टी महत्त्वाची आहे: प्लायरचा रेटा भोकाच्या कडेवर पडला तर तिथे खाच पडते, आणि नवा प्लग नेमका त्या खाचेतून झिरपतो.

मधोमध ठोकू नका. मधोमध ठोकलेली वाटी सरळ आत जाते आणि पोकळीत पडते. पडलीच तर लोखंडी वाटी चुंबकाने वर येते, पितळेची येत नाही, तिला तारेचा आकडा करून काढावी लागते. आत पडलेली वाटी तशीच सोडून वर नवी बसवायची, असे काही गॅरेजमध्ये करतात. ती आत फिरते, पाण्याची वाट अडवते आणि मागचे सिलिंडर तापू लागतात. कितीही वेळ लागला तरी ती बाहेर काढा.

बशीचा प्लग असेल तर मधोमध पाच-सहा मिलिमीटरचे भोक पाडा. ड्रिलच्या पात्यावर चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करा, कारण चकतीमागे बोटभर अंतरावर सिलिंडरची भिंत आहे. पत्रा फुटला की हात लगेच मागे घ्या. त्या भोकात स्क्रू ड्रायव्हर किंवा मोठा स्क्रू घालून, पुन्हा लाकडावर टेकवून, उचकटून काढा.

फार गंजलेल्या प्लगचा मधला भाग तुटून पडतो आणि कडेचे कडे भोकात चिकटून राहते. ते बाहेरून छिन्नीने कापायला जाऊ नका. बारीक छिन्नीने कड्याची एक बाजू भिंतीपासून सोडवत आतल्या बाजूला दुमडा. दुमडले की ते आपोआप सैल होते.

भोकामागचा गाळ

प्लग निघाल्यावर बहुतेक नवशिके लगेच नवी चकती हातात घेतात. इथे थांबा. बॅटरी मारून आत पाहा. तपकिरी चिखल, क्षारांचे पापुद्रे, गंजाच्या खपल्या, आणि कधी कधी ओतकामातली वाळूसुद्धा, जी फाउंड्रीतून निघाल्यापासून तिथेच बसून आहे. पाण्याचा वेग मागच्या सिलिंडरपाशी सर्वांत कमी असतो, म्हणून सर्वांत जास्त गाळ तिथे. घाटात तापणाऱ्या कित्येक गाड्यांचे रेडिएटर पुन्हा पुन्हा साफ करून दिले जातात आणि खरा अडथळा या मागच्या कोपऱ्यात दगडासारखा बसलेला असतो. प्लग बदलण्याच्या निमित्ताने तिथे हात पोहोचतो. ही संधी पुन्हा दहा-पंधरा वर्षे येणार नाही.

कडक तार, जुना लांब स्क्रू ड्रायव्हर, वाकवलेली पट्टी, जे आत जाईल त्याने खरवडा. सिलिंडरच्या भिंतीवर जोर नको, गाळ सोडवायचा आहे, लोखंड नव्हे. मग पाण्याचा पाईप एका भोकात धरा आणि दुसऱ्यातून काय बाहेर येते ते पाहा. पुन्हा खरवडा, पुन्हा पाणी. कॉम्प्रेसरची हवा मिळाली तर मधूनमधून हवा मारा, गॉगल घालूनच. थर्मोस्टॅटच्या जागेतूनही पाणी सोडा. बाहेर पडणारे पाणी नितळ होईपर्यंत हे करत राहा. मला तर या कामात सर्वांत जास्त समाधान इथे मिळते. या वेळी रेडिएटरचे होज सुटे ठेवा, नाहीतर ब्लॉकमधला सगळा गाळ रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसेल.

गाळात पिवळट चिकट थर दिसला तर आश्चर्य वाटू देऊ नका. रेडिएटर गळू लागला की त्यात हळद टाकण्याची ड्रायव्हर मंडळींची पद्धत जुनी आहे, आणि सांगलीच्या बाजारपेठेमुळे आपल्याकडे हळदीला तोटा नाही. अडीअडचणीला गाव गाठायला ती कामाला येते, पण फुगलेली हळद रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते. बाजारातली गळती थांबवणारी औषधे तेच करतात.

भोकाची कड

आता सगळे लक्ष भोकाच्या भिंतीवर. आधी वायर ब्रशने जुने सीलंट, रंग आणि गंज काढा. मग १८० नंबरचा पॉलिश पेपर बोटावर गुंडाळून गोल गोल फिरवा, शेवटी २२० चा. घासण्याची दिशा भोकाच्या घेराने हवी. आत-बाहेर घासले तर पडणारे बारीक ओरखडे म्हणजे पाण्याला आयत्या वाटा होतात. कानस किंवा ड्रिलवरचा ग्राइंडिंग दगड लावू नका, भोक वाटोळे राहणार नाही.

उघडे, चमकते बीड सगळ्या घेरावर दिसले पाहिजे. नखाने चाचपून पाहा. नख अडकेल एवढा खड्डा असेल आणि तो भिंतीच्या आरपार जात असेल, तर नुसता सीलंट टिकणार नाही. तिथे धातू भरणारा एपॉक्सी लावून, पूर्ण सुकवून, पुन्हा घासून माप घ्यावे लागते. खड्डे फारच असतील तर ब्लॉक बोअरिंगवाल्याकडे नेऊन भोक पुढच्या मापाला मोठे करून घ्या. एम-सील थापून वर रंग मारणे हा इलाज नाही. गरम-थंड होताना बीड आणि एम-सील वेगवेगळे प्रसरण पावतात आणि काही महिन्यांत सांधा सुटतो.

शेवटी थिनर लावलेल्या स्वच्छ फडक्याने भोक आणि नवा प्लग दोन्ही पुसा. यानंतर तिथे तेलकट बोट लागू देऊ नका.

नवा प्लग बसवणे

सीलंटबद्दल मतभेद फार आहेत. आपल्याकडचे जुने मिस्त्री शेलॅक वापरतात आणि चांगल्या साफ केलेल्या भोकात ते टिकतेही. मला न कडकणारे गॅस्केट सीलंट किंवा हवा बंद झाल्यावर घट्ट होणारे ॲनेरोबिक जास्त भरवशाचे वाटते. सिलिकॉन मात्र जपून. जास्त लावलेले सिलिकॉन आत सरकून लोंबते, तुटते आणि थेट रेडिएटरच्या तोंडाशी जाऊन बसते. काहीही वापरा, भोकाच्या भिंतीवर एक पातळ फेरा आणि प्लगच्या काठाला एक पातळ फेरा, बस्स. गळती घट्ट बसण्याने थांबते, सीलंट फक्त बारीक ओरखडे भरते.

वाटी ठोकण्याआधी तासभर फ्रीजरमध्ये ठेवली तर केसभर आकसते आणि सुरुवात सोपी होते. तिच्यावर ओल धरते, बसवण्याआधी पुसून घ्या आणि सीलंट मग लावा.

वाटीचे उघडे तोंड बाहेर ठेवून ती भोकाच्या तोंडाशी धरा. ड्रिफ्ट वाटीच्या तळाला टेकवा. ड्रिफ्टचा दाब तळाच्या परिघाजवळ पडला पाहिजे. फक्त मधोमध पडला तर तळ आत खचतो आणि उभ्या कडा भिंतीपासून आत ओढल्या जातात. बाहेरच्या कडेवर हातोडी किंवा ड्रिफ्ट कधीही टेकवू नका: पाणी अडवण्याचे काम तीच कड करते, ती चेपली की प्लग वाया गेला.

पहिले दोन-तीन ठोके हलके, फक्त वाटी तोंडात धरण्यापुरते. प्रत्येक ठोक्यानंतर चारी बाजूंनी पाहा. एक बाजू पुढे गेली असेल तर मागे राहिलेल्या बाजूकडे ड्रिफ्ट किंचित झुकवून ती सारखी करा. तिरकी झालेली वाटी जोराने सरळ करता येत नाही. ती काढा आणि नवी घ्या, म्हणूनच खरेदी करताना दोन जास्तीच्या आणा. सरळ धरली असेल तर मग ठाम, सारखे ठोके. वाटीची कड भोकाच्या तोंडावरच्या उताराच्या साधारण एक मिलिमीटर आत गेली की थांबा. ती उतारावरच राहिली तर पकड अपुरी. फार खोल ठोकली तर तीच वाटी पाण्याची वाट अडवू शकते, काही ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या भिंतीलाही टेकते.

बशीचा प्लग पायरीवर नीट बसवा, फुगवटा तुमच्याकडे. चकतीच्या निम्म्या व्यासाचा सपाट दांडा मधोमध ठेवून एक-दोन जोरकस ठोके द्या. फुगवटा सपाट झाला की थांबा. त्यापुढे ठोकून तो आत खोल गेला तर काठ पुन्हा आकसतात आणि पकड जाते.

मागचे प्लग करायचे असतील तर गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील उतरवावे लागते. ते काम एकट्याचे नाही. वजन मोठे आहे, एक हात मदतीला हवाच. त्यासाठी मुहूर्त शोधू नका. पुढच्या वेळी क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरेल तेव्हा न विसरता मागचे प्लगही बदलून घ्या.

पाणी भरणे, आणि कोणते

सीलंटच्या डब्यावर लिहिलेला वेळ द्या, शक्यतो रात्रभर. थर्मोस्टॅट बाहेर असेलच, तर पातेल्यातल्या गरम पाण्यात सोडून उघडतो का पाहा. थर्मोस्टॅट काढून फेकून देण्याची सवय आपल्या गॅरेजमध्ये फार आहे आणि ती चुकीची आहे. थंड चालणारे इंजिन जास्त पेट्रोल खाते आणि लवकर झिजते.

इथे बर्फ पडत नाही मग कूलंट कशाला, असे म्हणत पिढ्यान्‌पिढ्या नळाचे, विहिरीचे, बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये ओतले गेले. प्लग सडण्याचे मूळ कारण हेच आहे. माण-खटाव किंवा जतकडच्या बोअरच्या पाण्याने किटलीत पांढरा थर धरतो. तोच थर ब्लॉकमध्ये सिलिंडरभोवती धरतो, तिथे कुणाला दिसत नाही एवढेच. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्ये असतात, आपल्याला ती हवी आहेत. दुसरा फायदा घाटात होतो. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते, पण उंची वाढते तसा हा आकडा दर ३०० मीटरला साधारण एका अंशाने घटतो. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर आहे, तिथे उघडे साधे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. पसरणी घाट चढून वर आलेल्या गाडीला नेमकी तिथे जास्त सवलत हवी असते. ग्लायकॉल उत्कलनबिंदू वाढवते आणि टोपीचा दाब त्यात आणखी भर घालतो.

एक भाग कूलंट आणि दोन भाग डिस्टिल्ड वॉटर हे प्रमाण आपल्या हवेला पुरते. जुन्या तांब्या-पितळेच्या, डाग देऊन (सोल्डरने) जोडलेल्या रेडिएटरला पारंपरिक हिरवे इथिलीन ग्लायकॉलचे कूलंट घ्या आणि दर दोन वर्षांनी बदला. नव्या गाड्यांची दीर्घायुषी कूलंट या जुन्या डागाला मानवतीलच असे नाही.

हळूहळू भरा, हीटर असेल तर त्याचा व्हॉल्व्ह उघडा ठेवा, होज दाबून हवा बाहेर काढा. इंजिन चालू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तसेच चालू द्या आणि प्रत्येक प्लगवर कोरडे फडके फिरवा. मग बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, पातळी पाहा, वर टाका. पहिल्या दिवशी लांब जाऊ नका. गावात फिरवा, मग यवतेश्वरचा घाट एकदा चढून या. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर पुन्हा पातळी, पुन्हा आरसा आणि बॅटरी. होजच्या क्लिपा गरम-थंड झाल्यावर सैल होतात, त्या पुन्हा आवळा.

एखाद्या नव्या प्लगखाली थेंब दिसला तर त्याला वरून आणखी ठोकू नका आणि बाहेरून काही थापू नका. पाणी काढा, तो प्लग काढा, भोकाची कड पुन्हा तपासा आणि जास्तीची आणलेली वाटी बसवा. सगळे कोरडे राहिले तर गाडीच्या पुस्तकात तारीख, प्रत्येक भोकाचे माप, प्लगचा धातू आणि कूलंटचे नाव लिहून ठेवा, आणि ड्रिफ्टवर त्याच्या मापाचा आकडा कोरून तो हत्यारांच्या पेटीत टाका.